उन्हाचा दाह आणि शीतोपचारांची परंपरा

उन्हाने करपलेल्या त्वचेचा विचार भारतीय वैद्यकात किती जुना आहे, याचा एक ठाम पुरावा सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायात सापडतो. हा अध्याय अग्निकर्माचा, म्हणजे डाग देऊन करावयाच्या उपचारांचा असून त्यात भाजण्याचे चार प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकी ‘प्लुष्ट’ या सर्वांत सौम्य प्रकारात त्वचेचा रंग पालटतो आणि अतिशय आग होते, पण फोड येत नाहीत. उन्हाने करपलेल्या त्वचेची लक्षणेही बरीचशी अशीच असतात. तरीही संहिताकाराने दोहोंचे उपचार वेगळे ठेवले आहेत. विस्तवाने प्लुष्ट झालेल्या भागाला शेकच द्यावा, कारण थंड पाण्याने रक्त घट्ट होते, असे तो सांगतो. आणि उष्ण वारा व ऊन यांनी दग्ध झालेल्यावर मात्र नेहमी शीत उपचार करावेत, असा निर्देश त्याच अध्यायात पुढे देतो. विस्तवाने भाजल्यावरही तत्काळ गार पाणीच वापरावे, असे आजचे वैद्यक मानते, त्यामुळे यांतला पहिला सल्ला आज टाकून द्यावा लागतो. दुसरा मात्र आजही योग्यच ठरतो आणि पुढील सर्व घरगुती परंपरा त्याच दिशेने वाढलेली दिसते.

शीत उपचार म्हणजे नेमके काय, याचा तपशील चरकसंहितेत अधिक आहे. दाह शमवणाऱ्या दहा द्रव्यांचा एक स्वतंत्र गण तेथे दिलेला असून त्यात साळीच्या लाह्या, चंदन, ज्येष्ठमध, नीलकमळ, वाळा, अनंतमूळ आणि गुळवेल यांचा समावेश होतो. दाह, त्वचेचे विकार व घाम यांवरील लेपांत वाळा आणि लामज्जक नावाचे सुगंधी गवत यांना त्या संहितेने अग्रस्थान दिले आहे. याच ग्रंथात दाहज्वरावर ‘सहस्रधौत’ तूप अंगाला चोळण्यास सांगितले आहे. घरोघरी आणि वैद्यांकडे अधिक रुळले ते त्याचे सोपे रूप, शतधौत घृत: गाईचे तूप तांब्याच्या भांड्यात पाणी घालून घोटायचे, ते पाणी काढून टाकून नवे घालायचे, आणि असे शंभर वेळा करायचे, म्हणजे तुपाचा रवाळपणा जाऊन पांढरे, लोण्यासारखे मलम तयार होते. घोटताना तुपात पाण्याचे सूक्ष्म थेंब मिसळत जातात, आणि त्यामुळे ते नुसत्या तुपापेक्षा हलके व थंड लागते.

ग्रंथातला चंदनाचा उपचार महाराष्ट्रात सणांच्या आणि देवपूजेच्या वाटेने घरात स्थिरावला, ही या इतिहासातील विशेष लक्षणीय गोष्ट आहे. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत विठ्ठल-रुक्मिणीला चंदनउटी, म्हणजे सहाणेवर उगाळलेल्या चंदनाचा लेप लावला जातो. हा काळ उन्हाळ्याशी बहुतांशी जुळतो. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चालणाऱ्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवातही तोच विचार आढळतो: आलेल्या सुवासिनींच्या हातांना चंदन लावून त्यावर शिंपल्याने नक्षी काढायची, कैरीचे पन्हे आणि वाटली डाळ द्यायची, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची. ओल्या लेपातील पाणी उडून जाताना त्वचेची उष्णता घेऊन जाते, आणि चंदनाचा थंडावा मुख्यतः याच क्रियेतून मिळतो. लेप वाळून कडक झाला की तो थंडावाही संपतो.

चंदन मात्र सर्वांच्या आवाक्यातले कधीच नव्हते. गोव्यात राहून गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वनौषधींवरील संवादग्रंथात चंदनावर स्वतंत्र प्रकरण आहे. तिमोर बेटाकडून येणारे चंदन येथील लोक दगडावर पाण्यात वाटून थंडाव्यासाठी व सुगंधासाठी अंगाला लावतात, असे तो नोंदवतो. म्हैसूरच्या चंदनावर १७९२ मध्ये टिपू सुलतानाने राजसत्तेचा हक्क प्रस्थापित केला. समुद्रापलीकडून येणारे किंवा राजाच्या मालकीचे हे लाकूड प्रामुख्याने देवळात आणि सुखवस्तू घरात उगाळले गेले, आणि भर दुपारी शेतात, मिठागरात व होडीवर राबणारी माणसे, ज्यांची कातडी खरोखर करपत होती, त्यांना हाताशी असेल त्यावरच भागवावे लागले. कोकणात आणि गोव्यात कोकमाच्या बिया फोडून, कुटून, पाण्यात उकळून वर तरंगणारा स्निग्धांश काढतात आणि मुठीत वळून त्याचे गोळे करतात. हे मुठेल थंडीतही आणि उन्हाळ्यातही घट्टच राहते, पण अंगावर चोळताच मऊ होते. पायांच्या भेगा, फुटलेले हात आणि भाजलेली त्वचा या तिन्हींवर ते वापरले गेले. नुकत्याच करपलेल्या त्वचेवर असा तेलकट थर उष्णता कोंडतो, म्हणून आग निवल्यानंतर, कातडी कोरडी पडून सुटू लागली की त्याचा खरा उपयोग होतो.

आज उन्हावरचा घरगुती उपाय म्हटले की प्रथम कोरफड आठवते, परंतु या परंपरेत तिचा प्रवेश बराच उशिरा झाला. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात ‘कुमारी’ या नावाने तिचे गुण सांगताना अग्निदग्ध व फोड यांचा उल्लेख येतो; आधीच्या मोठ्या संहितांत मात्र दाहशामक द्रव्यांमध्ये तिला असे स्थान नाही. तिची आधुनिक ख्याती १९३५ मध्ये अमेरिकेत क्ष-किरणांनी झालेल्या त्वचादाहावर ताज्या पानाचा उपयोग केल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाल्यावर वाढू लागली. मराठी घरांपर्यंत वनस्पतींचे असे गुणधर्म छापील रूपात पोहोचवण्याचे मोठे काम शंकर दाजी शास्त्री पदे (१८६७–१९०९) यांच्या ‘आर्यभिषक्’ या ग्रंथाने केले, आणि तो ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या घरातील औषधांच्या पेटीशेजारी राहिला.

उन्हाने त्वचा करपते ती केवळ उष्णतेमुळे नव्हे, हे समजायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. इंग्रज शल्यवैद्य एव्हरार्ड होम यांनी उघडा हात आणि काळ्या कापडाखालील हात एकाच वेळी उन्हात धरून पाहिला. कापडाखाली तापमान अधिक असूनही उघडाच हात करपला, हा निष्कर्ष त्यांनी १८२१ मध्ये मांडला. स्वीडनचे योहान विडमार्क यांनी १८८९ मध्ये हा परिणाम अतिनील किरणांचा असल्याचे दाखवले. त्या दृष्टीने पाहता चंदन, वाळा किंवा कोरफड काहिली कमी करतात, त्वचेला ओलावा देतात, पण किरणांनी पेशींना झालेली इजा त्यांनी भरून निघत नाही. आणि फोड, ताप किंवा उलट्या असतील तर घरगुती लेपावर विसंबणे धोक्याचे आहे.

या परंपरेची लेखी बाजू संहितांनी आणि पूजाविधींनी जपली. राबणाऱ्या माणसांची बाजू बहुतांशी तोंडीच राहिली. कोणत्या गावात मुठेल कशात मिसळले जाई, आगरी, कोळी व शेतमजूर स्त्रिया करपलेल्या अंगावर काय लावीत आणि केव्हा लावीत नसत, हे ठाऊक असलेल्या वृद्ध स्त्रिया आज हयात आहेत. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यांच्याकडून ही माहिती गाव, ऋतू आणि कृतीसह आताच लिहून घ्यावी.