ओंडक्यावरचे पीक

कलकत्त्याच्या खिदिरपूर भागात १८९२ साली गोदी सुरू झाली. त्याच्या शंभरेक वर्षे आधीपासूनच चिनी माणूस या परिसरात स्थायिक होऊ लागला होता. त्याच्या स्वयंपाकघरात एका वाळलेल्या तपकिरी अळंब्याला मानाचे स्थान असे. चिनी भाषेत त्याला ‘शियांगगू’ म्हणजे सुगंधी अळंबे म्हणतात. जपानी नाव ‘शिइताके’, म्हणजे शिई वृक्षावरचे अळंबे.

वाळवलेला जिन्नस समुद्र ओलांडून सहज येतो. तो पिकविण्याची विद्या मात्र सावकाश येते. खिदिरपूरलगत अलीपूर येथे ज्या कृषि-उद्यान संस्थेची बाग आहे, ती संस्था विल्यम केरी यांनी १८२० साली स्थापन केली. तिच्या वार्षिक प्रदर्शनात १८८६ साली न्यूटन नावाच्या गृहस्थांनी स्वतः वाढविलेली अळंबी मांडली. भारतातील अळंबीशेतीच्या इतिहासात हा उल्लेख आरंभीच येतो.

शिइताकेची कथा याहून पुष्कळ जुनी. चीनमधील लुंगच्वान परगण्याच्या वृत्तांतात, सुमारे १२०९ साली, झाड तोडून त्याला कुऱ्हाडीने खाचा पाडण्याची आणि ओंडक्यांवर प्रहार करून अळंबी ‘जागी’ करण्याची रीत वर्णिली आहे. बीजाणू वाऱ्याने यावेत आणि खाचेत रुजावेत, एवढ्यावरच सारी भिस्त. जपानच्या ओइता भागातील शेतकरी विसाव्या शतकातही असेच दैवावर विसंबून होते. पीक आले नाही, तर गाव सोडण्याची पाळी. ओंडक्यांपुढे हात जोडून अळंब्यांना उगवण्याची विनवणी करणारे शेतकरी किसाकू मोरी या विद्यार्थ्याने पाहिले. ते दृश्य त्याच्या मनातून गेले नाही. १९४२ साली त्याने लाकडाच्या लहान खुंट्यांवर शुद्ध कवक वाढवून त्या ओंडक्यात ठोकण्याची युक्ती सिद्ध केली. प्रार्थनेची जागा कृतीने घेतली.

आज घरच्या परसातही हीच रीत चालते. ओकसारख्या कठीण लाकडाचा, हातभर-दोन हात लांबीचा ताजा ओंडका घ्यावा. त्याला भोके पाडून खुंट्या ठोकाव्यात, वर मेण लावावे आणि तो सावलीत, ओलसर जागी ठेवावा. कवक लाकडात पसरण्यास सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत काळ लागतो. मग ओंडका दिवसभर थंड पाण्यात बुडविला, की अळंबी फुटतात. एक ओंडका काही वर्षे पीक देतो.

खिदिरपूरची उष्ण हवा या कवकाला मानवत नाही. तिथे भाताच्या पेंढ्यावरचे अळंबे सुखाने वाढते. शिइताकेचे खरे घर ओकवृक्षांच्या थंड डोंगरउतारांवर. पण दोन्हींचा धडा एकच : जे लाकूड आणि जो पेंढा माणूस टाकाऊ मानतो, त्यातच अन्न दडलेले असते. ते बाहेर काढण्यास ज्ञान लागते. आणि ज्ञानाइतकीच लागते ती वाट पाहण्याची तयारी.