दरड कोसळली की आठवणारा मसुदा : पश्चिम घाटाचा निर्णय का अडकला?

कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालात की मलकापूरनंतर आंबा घाट लागतो. शाहूवाडी तालुक्याच्या या डोंगरपट्ट्यातली अनेक गावं केंद्र सरकारच्या 'पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रा'च्या मसुद्यात आहेत. पहिला मसुदा मार्च २०१४ चा. मग २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि २०२४. मुदत संपते, नवा मसुदा निघतो. अंतिम अधिसूचना मात्र निघत नाही.

असं का? एखादा विषय सरकारच्या अजेंड्यावर येणं वेगळं आणि त्यावर निर्णय होणं वेगळं. अमेरिकी अभ्यासक अँथनी डाउन्स यांनी १९७२ मध्येच हे चक्र मांडलं होतं : आधी धक्का, मग 'काहीतरी करा'ची ओरड, मग खर्च किती आणि झळ कुणाला हे कळतं, आणि लक्ष ओसरतं.

आपल्याकडे धक्का बहुतेक वेळा जुलैत बसतो. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेहून जास्त माणसं गेली. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ ला, केरळमधलं वायनाड. सहाव्या मसुद्यावर तारीख आहे दुसऱ्या दिवसाची, ३१ जुलै. (पाचव्याची मुदत जूनअखेर संपलीच होती, त्यामुळे सगळं श्रेय वायनाडला देता येत नाही.) या मसुद्यात सहा राज्यांतलं ५६ हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र आहे, त्यात महाराष्ट्राचं सुमारे १७,३४०.

दरडीची बातमी आठवडाभर टिकते. विरोध मात्र वर्षभर जागा असतो. कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर बॉक्साइट आहे, आणि मसुदा खाणींवर बंदी घालतो. राज्य सरकारं गावं वगळायला सांगतात. प्रश्न पुन्हा समितीकडे जातो : आधी माधव गाडगीळ, मग कस्तुरीरंगन, २०२२ मध्ये संजय कुमार. समिती नेमणं हेही लक्ष दिल्यासारखंच दिसतं, आणि त्यात कुणी दुखावत नाही.

यात गावकऱ्यांची भीती खोटी ठरवून चालणार नाही. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, तो लोकांसमोर आला २०१२ मध्ये, तोही इंग्रजीत. तोवर 'घर बांधता येणार नाही, जमीन विकता येणार नाही' हे गावोगाव पोहोचलं होतं. प्रत्यक्षात मसुद्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक वीजप्रकल्प, अतिप्रदूषक उद्योग आणि मोठ्या बांधकामांवर. राहत्या घराची दुरुस्ती आणि जमिनीची खरेदी-विक्री यांना मनाई नाही.