परिसंवादाची कसोटी : तीन सभांचा इतिहास

महाराष्ट्राबाहेर मराठी माणूस जेथे जेथे वस्तीला गेला, तेथे तेथे त्याने गणपतीबरोबर व्याख्यानमालाही नेली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ साली सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेचे वळण आपण परप्रांतीही गिरविले. त्याच वळणाचा 'परिसंवाद' हा शब्द आपल्या मंडळांच्या कार्यक्रमपत्रिकेत इतका रुळला आहे की, त्याच्या अर्थाचा विचार करण्याची गरज आम्हांस सहसा वाटत नाही. व्यासपीठावर चार वक्ते, समोर श्रोते, शेवटी अध्यक्षीय समारोप. मग आभारप्रदर्शन, अल्पोपाहार, आणि विषय तेथेच राहतो.

परंतु काही प्रश्न असे असतात की, त्यांची परिभाषा थोड्यांनाच कळते आणि परिणाम मात्र सर्वांच्या वाट्यास येतात. अशा प्रश्नांवर जाहीर चर्चा करून काही साधते काय? की तज्ज्ञांनी ठरवावे आणि इतरांनी मानावे हेच बरे? सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या प्रश्नाकडे वळताना आम्ही तीन सभांचा इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहोत. पहिल्या दोन सभा दूरदेशीच्या आहेत, तिसरी आपल्या देशातील. पण तिन्हींचा विषय मुळात एकच आहे.

पहिली सभा १९७५ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात समुद्रकाठच्या असिलोमार येथे भरली. एका सजीवातील जनुक काढून दुसऱ्यात बसविण्याची विद्या तेव्हा नुकतीच हाती आली होती. तिच्यातून एखादा घातक जिवाणू चुकून निर्माण होईल काय, ही शंका प्रथम बोलून दाखविली ती ही विद्या घडविणाऱ्या शास्त्रज्ञांनीच. पॉल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली जाहीर पत्र लिहून, धोक्याचा अंदाज येईपर्यंत काही प्रकारचे प्रयोग सर्वांनी स्वखुशीने थांबवावेत, असे आवाहन केले. आपल्याच संशोधनास आपण होऊन लगाम घालण्याची ही घटना विज्ञानाच्या इतिहासात विरळा होय. असिलोमार येथे जमलेल्या सुमारे १४० जणांनी चार दिवस वाद घातला आणि असा निष्कर्ष काढला की, प्रयोग चालू ठेवावेत, मात्र धोका जितका अधिक तितकी प्रयोगशाळेची बंदिस्ती कडक असावी.

ही सभा प्रामाणिक होती यात शंका नाही. पण तीत निमंत्रित होते ते बहुतांशी जीवशास्त्रज्ञ. काही कायदेपंडित होते, काही पत्रकार होते. ज्यांच्या शेजारी या प्रयोगशाळा उभ्या राहावयाच्या होत्या ते नागरिक मात्र नव्हते. शिवाय चर्चा मुख्यतः सुरक्षिततेपुरती मर्यादित ठेवली गेली. हे ज्ञान कोणाच्या मालकीचे होईल, कोणत्या हेतूने वापरले जाईल, हे प्रश्न बाजूस राहिले.

ते प्रश्न फार काळ बाजूस राहणार नव्हते. पुढच्याच वर्षी, १९७६ च्या जूनमध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज या नगरात दुसरी सभा भरली. हार्वर्ड विद्यापीठाने या संशोधनासाठी विशेष बंदिस्त प्रयोगशाळा उभारण्याचे ठरविले होते. विद्यापीठातील शास्त्रज्ञांतच त्यावरून दोन तट पडले. नोबेल पारितोषिकाचे मानकरी जॉर्ज वॉल्ड आणि जीवशास्त्रज्ञ रूथ हबर्ड हे विरोधात उभे राहिले, तर मार्क टाश्ने आदी शास्त्रज्ञ बाजूने. नगराध्यक्ष आल्फ्रेड वेलुची यांनी हा वाद विद्यापीठाच्या भिंतींतून काढून थेट नगरभवनात आणला. खचाखच भरलेल्या सभागृहात नामांकित प्राध्यापकांना सामान्य नगरसेवकांच्या प्रश्नांना साध्या भाषेत उत्तरे द्यावी लागली.

सभा गरमागरम झाली आणि वृत्तपत्रांना भरपूर मजकूर मिळाला. येथवरची कथा आपल्याला अपरिचित नाही. नंतर जे घडले ते मात्र विशेष आहे. नगरपरिषदेने जुलैमध्ये या प्रयोगांना तात्पुरती स्थगिती दिली आणि विषय अभ्यासण्यासाठी नागरिकांचीच एक समिती नेमली. तीत परिचारिका होती, अभियंता होता, समाजसेविका होती, तेलाच्या व्यापारातील माजी नगराध्यक्ष होते. या संशोधनात गुंतलेला एकही शास्त्रज्ञ तीत घेतला नव्हता. ही मंडळी सुमारे चार महिने वारंवार एकत्र बसली. दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना बोलावून त्यांनी प्रश्न विचारले, न समजलेले पुन्हा विचारले, कागदपत्रे वाचली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनी अहवाल दिला : संशोधनास अनुमती द्यावी, मात्र राष्ट्रीय नियमांहून काही अधिक दक्षता घ्यावी आणि नगराची देखरेख असावी. फेब्रुवारीत त्याप्रमाणे नगराचा कायदा झाला.

सामान्यजनांच्या हाती निर्णय गेला तर विज्ञानाचा गळा घोटला जाईल, अशी भीती अनेक शास्त्रज्ञांनी घातली होती. प्रत्यक्षात उलटे घडले. नियम स्पष्ट असल्यामुळे उद्योजकांसही अंदाज आला, आणि पुढील दशकांत हेच केंब्रिज नगर जैवतंत्रज्ञान उद्योगाचे जगातील एक प्रमुख केंद्र बनले.

आता तिसरी सभा. तिला सभा म्हणण्यापेक्षा सभांची मालिका म्हणणे योग्य, कारण ती सात नगरांत भरली. आणि तिचा विषय होता आपल्या स्वयंपाकघरातील वांगे. भरल्या वांग्यांशिवाय आणि भरिताशिवाय ज्यांस आपले जेवण अपुरे वाटते, त्या मराठी वाचकांस या विषयाची ओळख करून देण्याची गरज नाही. मात्र वांगे पिकविणाऱ्यास जी अळी छळते तिची ओळख करून दिली पाहिजे. ती शेंड्यात आणि फळात शिरून आतून पोखरते. एकदा आत शिरली की वरून मारलेले औषध तिला लागत नाही, म्हणून शेतकरी पुन्हा पुन्हा फवारणी करतो. यावर उपाय म्हणून जालन्याच्या 'महिको' या बियाणे कंपनीने मातीतील एका जिवाणूचे जनुक वांग्यात बसविले. त्यामुळे रोपातच असे प्रथिन तयार होते की, ते खाल्लेली अळी मरते. हेच 'बीटी' वांगे. धारवाड आणि कोइमतूर येथील कृषी विद्यापीठांनीही या कामात भाग घेतला. बीटी कापसास आपल्या देशात २००२ सालीच परवानगी मिळाली होती. पण कापूस ताटात येत नाही, वांगे येते.

१४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या जनुक अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी वांग्यास हिरवा कंदील दाखविला. समितीत सर्वोच्च न्यायालयाने निरीक्षक म्हणून पाठविलेले ज्येष्ठ शास्त्रज्ञ पुष्प भार्गव यांनी चाचण्या अपुऱ्या असल्याचे सांगून विरोध दर्शविला. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तो निर्णय तसाच न स्वीकारता अहवाल जनतेसमोर ठेवला, लेखी मते मागविली, आणि १३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०१० या काळात कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंडीगड, हैदराबाद आणि बंगळूर येथे जाहीर सभा घेतल्या. या नगरांपैकी कित्येकांत आपली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. अहमदाबादच्या पर्यावरण शिक्षण केंद्राने या सभांची व्यवस्था पाहिली. सुमारे ८,००० लोक त्यांत आले : शेतकरी, शास्त्रज्ञ, बियाणे विक्रेते, वैद्य, ग्राहक, विद्यार्थी. वांगे हे भारतभूमीचेच पीक. त्याच्या शेकडो जाती गावोगावी जपलेल्या. उडुपीजवळच्या मट्टू गावच्या हिरव्या वांग्यास जसा त्या प्रदेशाचा अभिमान, तसा आपल्या खानदेशास भरिताच्या वांग्याचा. नव्या बियाण्याच्या संकराने हे वाण बिघडतील काय, हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

या सभा शांतपणे पार पडल्या असे म्हणता येणार नाही. घोषणा झाल्या, फलक फडकले, वक्त्यांस खाली बसविण्याचे प्रयत्न झाले, आणि खुद्द मंत्र्यांचाही संयम सुटला. बोलणारे फार आणि वेळ थोडा. ज्यांनी आयुष्य प्रयोगशाळेत घालविले त्यांस दोन-चार मिनिटांत आपले म्हणणे मांडणे अवघड गेले. ज्यांनी आयुष्य शेतात घालविले त्यांसही तितकेच अवघड गेले.

९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी सविस्तर, सकारण निर्णय प्रसिद्ध केला. शास्त्रज्ञांत एकमत नाही, मत कळविणाऱ्या राज्य सरकारांनी शंका आणि विरोध नोंदविला आहे, दीर्घकालीन स्वतंत्र चाचण्या झालेल्या नाहीत, अशी कारणे देऊन बीटी वांग्यास स्थगिती देण्यात आली. स्वतंत्र अभ्यासातून सुरक्षितता सिद्ध होऊन तज्ज्ञ आणि जनता या दोघांचेही समाधान होईपर्यंत ती राहावयाची होती. त्याच वर्षी समितीच्या नावातील 'मान्यता' हा शब्द जाऊन तेथे 'मूल्यमापन' हा शब्द आला.

या निर्णयाची बाजू घेणारे आणि त्यास दोष देणारे, दोन्ही पक्ष आजही आहेत. आम्ही येथे न्यायाधीशाची भूमिका घेत नाही. परंतु पुढे काय झाले ते पाहणे इष्ट आहे. सप्टेंबर २०१० मध्ये देशातील सहा विज्ञान अकादम्यांनी मर्यादित लागवडीस अनुकूल अहवाल दिला. पण त्यातील काही मजकूर अन्य लेखातून जसाच्या तसा उचललेला निघाला आणि तज्ज्ञांच्या शब्दाचे वजन घटले. २०१२ साली संसदेच्या कृषिविषयक स्थायी समितीने प्रतिकूल मत दिले. शेजारच्या बांगलादेशाने २०१३ साली परवानगी दिली आणि २०१४ च्या आरंभी २० शेतकऱ्यांना रोपे दिली. आपल्याकडे मात्र जी स्थगिती अभ्यासाकरिता होती, तिला वर्षामागून वर्षे लोटली. ज्या स्वतंत्र अभ्यासाने जनतेचे समाधान व्हावयाचे, तो काही जनतेसमोर आला नाही. शेतकऱ्याची फवारणी थांबली नाही, ग्राहकाची शंका फिटली नाही, आणि शास्त्रज्ञास स्पष्ट उत्तर मिळाले नाही.

येथेच केंब्रिज आणि आपली सात नगरे यांतील अंतर दिसते. दोन्हीकडे लोकांना बोलावयास मिळाले, दोन्हीकडे स्थगिती आली. पण केंब्रिजमध्ये सभेनंतर काही नागरिकांनी चार महिने बसून ऐकण्याचे आणि समजून घेण्याचे काम पत्करले, आणि अखेरीस आपले मत लिहून दिले. आपल्याकडे तसे झाले नाही. एका नगराची आणि या खंडप्राय देशाची तुलना सर्वस्वी न्याय्य नाही, हे आम्ही जाणतो. तरीही धडा घेण्याजोगा आहे. जनुक-सुधारित मोहरीच्या प्रकरणी २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. मात्र संबंधित सर्वांशी विचारविनिमय करून केंद्राने राष्ट्रीय धोरण आखावे, यावर दोघांचेही एकमत झाले. म्हणजे प्रश्न फिरून सभेपाशीच आला आहे.

आपली मंडळे लहान आहेत. देशाचे धोरण आपण ठरवीत नाही. परंतु परिसंवाद कसा करावा हे आपल्या हाती आहे. विषयाची टिपणे श्रोत्यांस आठवडाभर आधी द्यावीत. विरोधी मताच्या वक्त्यास सन्मानाने बोलवावे. श्रोत्यांपैकी पाचसात जणांनी पुढे दोन-तीन बैठका घेऊन, काय पटले, काय पटले नाही आणि काय समजलेच नाही, हे लिहून वार्षिक अहवालात छापावे. गेल्या पन्नास वर्षांत आपण वक्त्यांचा पुष्कळ सत्कार केला. पुढील पन्नास वर्षांत आपल्या श्रोत्यांच्या लेखी मतांचीही एक वही मंडळाच्या कपाटात जमत जावी, अशी आमची इच्छा आहे.