अश्वारूढाचे चिलखत आणि ठशावरचे साल

आल्ब्रेख्त ड्यूरर याचे ‘सरदार, मृत्यू आणि सैतान’ हे ताम्रपटावर कोरलेले मुद्राचित्र युद्धेतिहासाच्या अभ्यासकांना पुरावा म्हणून मोठे सोयीचे वाटते. चिलखताचे सांधे, रिकीब, डाव्या कमरेची तलवार, भाल्याला अडकवलेले कोल्ह्याचे शेपूट, सारेच इतके रेखीव की तत्कालीन जर्मन स्वार असाच दिसत असणार, याविषयी शंका उरू नये. खालच्या पाटीवर १५१३ हे सालही आहे. अडचण नेमकी या सालाची आहे.

व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात ड्यूररनेच जलरंगात रंगविलेला एक चिलखतधारी स्वार आहे. त्यावरचे साल १४९८. मुद्राचित्रातील सरदाराचे चिलखत मूलतः तेथून आलेले. त्या जलचित्रावर एक ओळही आहे : त्या काळी जर्मनीत असे चिलखत होते, असा तिचा आशय. क्रियापद भूतकाळी आहे, हे विसरता कामा नये. १५१३पर्यंत पन्हळीदार, गोलाईच्या घडणीची चिलखते प्रतिष्ठा पावली होती. घोडा तर आणखी निराळ्या वाटेने आला. तो ड्यूररच्या अश्वप्रमाणांच्या अभ्यासातून, इटालियन कलेच्या संस्कारातून घडला. स्वार एका काळातला, घोडा एका सिद्धांतातला!

आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरने १५०८मध्ये सम्राट माक्सिमिलियनचे अश्वारूढ चित्र लाकडी ठशात कोरले. तेथे चित्रविषय हयात होता आणि चिलखतांचा दर्दीही होता. त्यामुळे साक्ष अधिक समकालीन मानता येते. परंतु पुढे त्याच ठशावरील साल बदलून १५१८ करण्यात आले. केवळ नंतरची प्रत पाहणारा अभ्यासक तोच वेष दहा वर्षे पुढे ढकलील.

याखेरीज, ठसा उलटा उमटतो. छापील चित्र समोर ठेवून नक्कलकाराने ते तसेच्या तसे कोरले, की नव्या प्रतीत तलवार उजव्या कमरेला जाते आणि स्वार डावखुरा होतो. आपल्या सचित्र ग्रंथांतून अशा चित्रांखाली ‘तत्कालीन स्वार’ एवढेच छापण्याची रीत आहे. मूळ कोणते, नक्कल कोणती, हे सांगण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

म्हणून ही चित्रे टाकाऊ ठरत नाहीत. संग्रहालयातील चिलखत मांडणीवर रिकामे उभे असते. ते अंगावर कसे बसे, रिकिबीत पाय कसा रोवला जाई, लगाम कोणत्या हाती असे, हे सांगायला ड्यूररचा स्वारच लागतो; फक्त त्याला १५१३चा म्हणू नये.