भरलेला दात का मरतो?

दाताला कीड लागली, दंतवैद्यांनी ती कोरून काढली आणि खड्ड्यात सिमेंट भरले. काही महिन्यांनी तोच दात ठणकू लागतो आणि तपासणीत कळते, की आतली मज्जा मेली आहे. साहजिकच आपण म्हणतो, सिमेंटच बाधले. दंतवैद्यांनाही बराच काळ असेच वाटत होते.

दात बाहेरून दगडासारखा दिसला तरी आतून जिवंत असतो. दंतवल्काखालच्या दंतिनात अतिसूक्ष्म नळ्या असतात. मज्जेजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये त्या सुमारे ४५ हजार भरतात. म्हणजे फळ्यावरच्या खडूच्या बारीकशा ठिपक्याएवढ्या जागेत! या नळ्या थेट दंतमज्जेत उघडतात. मज्जेत रक्तवाहिन्या, चेतातंतू आणि नवे दंतिन तयार करणाऱ्या पेशी असतात. भोवती कठीण भिंत असल्यामुळे सूज आली तर मज्जेला फुगायला जागाच नसते.

विसाव्या शतकाच्या आरंभापासून पुढच्या दातांत सिलिकेट सिमेंट भरले जाई. काचेची पूड आणि फॉस्फोरिक आम्ल यांचे ते मिश्रण. दाताच्या रंगाशी छान जुळे, पण त्याखालची मज्जा अनेकदा मरे. भरलेले दात काढून, त्यांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर मज्जेत दाह दिसे. आम्ल समोरच होते, तेव्हा दोषही त्यालाच दिला गेला.

त्या कापांमध्ये जंतू आहेत का, हे मात्र सहसा कोणी शोधत नसे. काळेवाडीहून पवना ओलांडली की पिंपरी. तिथे पेनिसिलिन बनवणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली. जंतूंशी लढाई अशी जोरात चालू असताना भरलेल्या दातापुरते जंतू संशयाबाहेर राहिले, याचे आज नवल वाटते.

१९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड यांनी एक साधा पण निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांच्या दाढा मज्जेपर्यंत कोरल्या आणि तशाच उघड्या ठेवल्या. नेहमीच्या उंदरांची मज्जा कुजू लागली. दुसरा गट जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेला होता. त्यांच्याही दाढांत अन्न अडकत होते, जखम तीच होती. पण दोन आठवड्यांतच मज्जेवर नव्या दंतिनाचा पूल बांधला जाऊ लागला. दोन्ही गटांत फरक होता तो जंतूंचाच.

पुढे स्वीडनमध्ये ब्रेनस्ट्रॉम आणि नायबोर्ग यांनी १९७१ साली सिलिकेट व रेझिन भरलेल्या दातांत जंतू आहेत का, हे मुद्दाम पाहिले. भरण आणि दात यांच्यामधल्या फटीत ते सापडले. रेझिन घट्ट होताना आकसते, सिलिकेट लाळेत हळूहळू विरघळते. जंतूंना तेवढी वाट पुरते. १९८७ साली कॉक्स आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या उघड्या मज्जेवर थेट सिलिकेट, झिंक फॉस्फेट आणि रेझिन ठेवले. वरून झिंक ऑक्साइड-युजेनॉलने तोंड घट्ट बंद केले, तेव्हा या ‘बाधणाऱ्या’ पदार्थांखालीही मज्जा बरी झाली.

युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. दातदुखीवर लवंग धरण्याची आपली घरगुती रीत सर्वांच्या परिचयाची आहे. हा पदार्थ जास्त प्रमाणात पेशींना विषारीच. तरी खोल भरणाखाली तो सौम्य मानला गेला, कारण तो जंतू मारतो आणि फट चांगली बुजवतो. म्हणजे सौम्य ठरलेला विषारी निघाला आणि दोषी ठरलेला बराचसा सुटला!

अर्थात भरणाचे पदार्थ निर्धोक आहेत, असे नव्हे. कोरताना निर्माण होणारी उष्णता, दंतिन फार कोरडे करणे, रेझिनमधले न जुळलेले रेणू यांनीही मज्जेच्या पेशींना इजा होते.

उघड्या मज्जेसाठी १९२० साली जर्मनीत हर्मन यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुचवले. विड्याला लावतो तो चुना रसायनाने हाच; पण तो दातात भरू नये, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. १९९३ पासून कॅलिफोर्नियातील तोराबिनेजाद यांचे ‘एमटीए’ पुढे आले. काळेवाडीत इमारतींसाठी कालवतात तेच पोर्टलँड सिमेंट, मात्र शुद्ध केलेले आणि क्ष-किरणांत दिसावे म्हणून बिस्मथ ऑक्साइड मिसळलेले. घट्ट होताना तेही कॅल्शियम हायड्रॉक्साइड सोडते, शिवाय ओलाव्यातही फट चांगली बंद करते. बिस्मथमुळे दात काळवंडतो, ही त्याची अडचण. म्हणून नंतरच्या काही सिमेंटांत बिस्मथऐवजी झिर्कोनियम ऑक्साइड आले.