लघु हिमयुग म्हणजे काय? थेम्स नदी गोठली, तेव्हा सगळी पृथ्वीच थंड पडली होती का?

१६८३-८४ चा हिवाळा. लंडनमधली थेम्स नदी इतकी घट्ट गोठली की लोकांनी तिच्यावर बाजार थाटला. बर्फावर दुकानांच्या रांगा लागल्या, घोडागाड्या धावू लागल्या. कुणी तर छापखानाच नदीवर आणला आणि लोक आपलं नाव छापलेलं कार्ड आठवण म्हणून विकत घेऊ लागले.

अशा जत्रा थेम्सवर अनेकदा भरल्या. शेवटची भरली १८१४ मध्ये. या जत्रांची चित्रं आजही 'लघु हिमयुगा'ची ओळख म्हणून दाखवली जातात. अनेकदा त्यासोबत एक युक्तिवादही येतो: 'हवामान तर पूर्वीपासून बदलतच आलंय, मग आताच्या तापमानवाढीची एवढी चिंता कशाला?'

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर आधी त्या काळात नेमकं काय घडलं, ते पाहावं लागेल.

लघु हिमयुग कधी होतं?

साधारण चौदाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या थंड काळाला हे नाव दिलं जातं. नेमक्या सुरुवातीबद्दल शास्त्रज्ञांमध्ये एकमत नाही. फ्रान्स्वा मॅथेस या भूगर्भशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये हा शब्द वापरला आणि पुढे तो रूढ झाला.

नाव मात्र थोडं फसवं आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, खऱ्या हिमयुगात, पृथ्वीचं सरासरी तापमान आजच्यापेक्षा साधारण ६ अंश सेल्सिअसने कमी होतं. लघु हिमयुगात उत्तर गोलार्धातली घट विसाव्या शतकाच्या तुलनेत एका अंशापेक्षाही कमी होती.

एवढ्याशा फरकाने काय बिघडलं?

खूप काही. आल्प्समधल्या हिमनद्या पुढे सरकत गावांपर्यंत आल्या. फ्रान्समधल्या शामोनी खोऱ्यात १६४४ मध्ये बिशपच्या नेतृत्वाखाली शेकडो लोक हिमनदीपाशी गेले आणि तिने मागे हटावं म्हणून त्यांनी प्रार्थना केली.

१७०९ च्या जानेवारीत फ्रान्समध्ये अशी थंडी पडली की पेरलेला गहू शेतातच मेला. धान्य महागलं आणि त्यातच युद्ध सुरू होतं. या संकटात सुमारे ६ लाख जादा मृत्यू झाले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

'सरासरी' या शब्दामागे हे सगळं लपून जातं. सरासरी किंचित घसरली, तरी कडक हिवाळे आणि पिकं बुडवणारे उन्हाळे जास्त वेळा येतात. ज्याच्या घरात पुढच्या हंगामापुरतंच धान्य आहे, त्याला असं एक वर्षही पुरेसं असतं.

थंडी कशामुळे पडली?

याचं एकच एक कारण नाही.

*ज्वालामुखी:* मोठ्या उद्रेकातून सल्फर डायऑक्साइड वायू खूप उंच जातो. तिथे त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि ते सूर्यप्रकाश परत फेकतात. इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटावर १२५७ मध्ये असा प्रचंड उद्रेक झाला होता. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्याच तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि १८१६ हे वर्ष युरोप-अमेरिकेत 'उन्हाळा नसलेलं वर्ष' म्हणून लक्षात राहिलं. एका उद्रेकाचा परिणाम दोन-तीन वर्षांत ओसरतो. पण उद्रेक लागोपाठ झाले, तर समुद्र थंडावतो, समुद्री बर्फ वाढतो आणि थंडी लांबते.

*सूर्य:* १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग फारच कमी दिसले. याला 'माउंडर मिनिमम' म्हणतात. तेव्हा सूर्याची ऊर्जा किंचित घटली होती. मात्र थंडी त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती, त्यामुळे सगळा दोष सूर्याला देता येत नाही.

*समुद्र आणि वारे:* एल निनोसारख्या घडामोडींत समुद्र आणि हवा यांच्यात उष्णतेची देवाणघेवाण होते. त्यामुळे एक प्रदेश तापतो, तर दुसरा गारठतो.

थेम्सच्या बाबतीत तर एक स्थानिक कारणही होतं. जुन्या लंडन ब्रिजच्या अरुंद कमानींमुळे पाणी अडायचं आणि संथ पाणी लवकर गोठायचं. हा पूल १८३१ मध्ये पाडायला सुरुवात झाली.

मग जगभर एकाच वेळी थंडी होती का?

नाही. झाडांची वर्तुळं, प्रवाळ आणि बर्फाचे थर यांवरून जुन्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. अशा नोंदींवर आधारित एक अभ्यास २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पॅसिफिकच्या मध्य आणि पूर्व भागात सर्वात थंड काळ पंधराव्या शतकात आला, वायव्य युरोपात सतराव्या शतकात, तर इतर बऱ्याच भागांत एकोणिसाव्या शतकात.

महाराष्ट्राच्या इतिहासातला १६३०-३२ चा भीषण दुष्काळ याच काळातला. संत तुकारामांच्या चरित्रात त्याचा उल्लेख येतो. दख्खन आणि गुजरातमध्ये पाऊस चुकला, त्यात मुघल फौजांच्या मोहिमेची भर पडली. पण मान्सून तसाही वर्षागणिक बदलतो. त्यामुळे तो दुष्काळ लघु हिमयुगामुळेच पडला, असं म्हणता येत नाही.

आजची तापमानवाढ म्हणजे त्या थंडीतून सावरणं आहे का?

तापमान आपोआप 'सावरत' नाही. ते वाढायला कारण लागतं. १९५० च्या दशकानंतर सूर्याची ऊर्जा वाढलेली नाही, तरी पृथ्वी तापतेच आहे. शिवाय सूर्य कारणीभूत असता, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापते आहे आणि वरचं स्थितांबर थंड होतं आहे. ही हरितगृह वायूंची खूण आहे.

दुसरा फरक व्याप्तीचा. लघु हिमयुगातली थंडी प्रदेशागणिक वेगवेगळ्या वेळी आली. याउलट, त्याच २०१९ च्या अभ्यासानुसार, पृथ्वीच्या ९८ टक्क्यांहून जास्त भागात गेल्या दोन हजार वर्षांतला सर्वात उष्ण काळ विसाव्या शतकातच आला.

थोडक्यात, हवामान नैसर्गिकरीत्याही बदलतं, हे खरंच आहे. पण तेव्हा एका अंशापेक्षा कमी फरकाने गावं उपाशी राहिली. आयपीसीसीच्या अहवालानुसार, २०११ ते २०२० या दशकात पृथ्वी १८५०-१९०० च्या तुलनेत सुमारे १.१ अंशाने जास्त तापलेली होती. लघु हिमयुगाचा इतिहास चिंता कमी करणारा नाही. थोडासा बदलही किती महाग पडतो, हेच तो सांगतो.