‘कॉन्टॅक्ट’ : दोन माणसांमधला विसरलेला करार

विमानाच्या इतिहासात उड्डाणांना आणि अपघातांना भरपूर पाने मिळतात. उड्डाणाआधीच्या दोन-तीन मिनिटांची, म्हणजे इंजिन सुरू करण्याच्या खटाटोपाची, दखल क्वचितच घेतली जाते. वास्तविक छोट्या विमानाच्या बाबतीत माणूस फिरत्या पात्याच्या सर्वांत जवळ असतो तो याच मिनिटांत.

१७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूत राइट बंधूंचे विमान उडाले, तेव्हा त्याचे सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन प्रोपेलर हाताने फिरवूनच सुरू करावे लागले होते. पुढे कित्येक वर्षे छोट्या विमानांत हीच रीत राहिली. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर आला. पण बॅटरी, जनित्र आणि मोटर यांचे ओझे मोटारीला पेलते. छोट्या विमानाला तेवढे वजन म्हणजे एखादा प्रवासी खाली उतरवण्यासारखेच. विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन हँडल मारून सुरू करणाऱ्यांना इंजिनाचा उलटा झटका ठाऊक असतो. विमानात हँडलच्या जागी पाते असते, एवढाच फरक. सहा फुटी प्रोपेलर मिनिटाला ८०० फेरे घेऊ लागला, तरी त्याच्या टोकाचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटर होतो.

या धोक्याचे खरे मूळ मात्र पात्यात नसून मॅग्नेटोत आहे. मॅग्नेटो म्हणजे फिरत्या लोहचुंबकाच्या जोरावर स्वतःच ठिणगी निर्माण करणारे उपकरण. त्याला बॅटरी लागत नाही, म्हणून हवेत ते भरवशाचे ठरले. आजही बहुतेक पिस्टन इंजिनांवर दोन मॅग्नेटो असतात. पण त्याच्या स्विचचा न्याय घरातल्या दिव्याच्या उलट आहे. दिव्याची तार तुटली तर दिवा विझतो. मॅग्नेटो ‘बंद’ करायचा म्हणजे त्याचा प्रवाह तारेने इंजिनाच्या धातूशी जोडून द्यायचा. ती तार तुटली, तर स्विच ‘बंद’ दाखवतो आणि मॅग्नेटो जिवंतच राहतो. अशा वेळी सिलिंडरमध्ये थोडे पेट्रोल उरले असेल आणि कोणी सहज म्हणून पाते हलवले, तर इंजिन पेट घेऊ शकते.

या अनिश्चिततेवर त्या पिढीने शोधलेला उपाय शब्दांचा होता. १९३१ साली पहिल्यांदा उडालेले ‘टायगर मॉथ’ हे त्याचे उत्तम उदाहरण. पात्यापुढे उभा असलेला माणूस पुकारत असे : स्विच ऑफ, पेट्रोल ऑन. आत बसलेला वैमानिक प्रत्येक शब्द परत उच्चारत असे. पाते काही वेळा फिरवून इंजिनात पेट्रोल ओढून घेतले, की आरोळी येई ‘कॉन्टॅक्ट’. वैमानिक तीच आरोळी परत देई आणि मगच स्विच चालू करी. ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ हे शब्द वाऱ्यात एकसारखे ऐकू येतात. ‘कॉन्टॅक्ट’ची गल्लत होत नाही. या विमानाचे स्विच बसण्याच्या जागेबाहेर, अंगावर लावलेले असत, म्हणजे पात्यापाशी उभ्या माणसालाही ते दिसत. मूळ विमानाला ब्रेक नव्हते. चाकांपुढचे लाकडी ठोकळे हाच त्याचा लगाम. मुंबईत १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवणारे जे. आर. डी. टाटा ज्या जमान्यात उडायला शिकले, तो याच ‘मॉथ’ घराण्याचा जमाना होता.

माणसाला पात्यापासून दूर नेण्याचे प्रयत्नही झाले. ब्रिटिश वैमानिक बेंटफील्ड हक्स याने पहिल्या महायुद्धाच्या काळात फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीवर एक लांब दांडा बसवला; तो प्रोपेलरच्या मध्याला अडकवून गाडीच्या इंजिनाच्या जोरावर फिरवायचा. गंमत अशी, की त्या गाडीचे स्वतःचे इंजिन हँडल मारूनच सुरू होई. पण असे वाहन लष्करी तळाला परवडते. गावाबाहेरच्या गवताळ धावपट्टीवर ‘पायपर कब’ ठेवणाऱ्या शेतकऱ्याला नव्हे.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. १९५६ साली बाजारात आलेल्या ‘सेसना १७२’सारख्या विमानांत विजेचा स्टार्टर सहज मिळू लागला. वैमानिक खिडकीतून ‘क्लिअर प्रॉप’ असे ओरडतो, आजूबाजूला पाहतो आणि किल्ली फिरवतो. धोका खचितच घटला. पण त्याबरोबर दुसरा माणूसही गेला. जुन्या आरोळीला उत्तर आल्याखेरीज काम पुढे सरकत नसे. नव्या आरोळीला कोणी उत्तर देईलच असे नाही.

ही उणीव दिसते ती बॅटरी उतरते तेव्हा. मालक एकटाच असतो, घाई असते, आणि पूर्वी लोक हातानेच सुरू करत होते हे त्याने ऐकलेले असते. तो पाते फिरवतो, इंजिन सुरू होते, थ्रॉटल थोडा जास्त उघडा राहिलेला असतो, आणि विमान चालकाशिवाय धावू लागते. असे अपघात आजही घडतात. त्यांत जुन्या पद्धतीला दोष देणे सोपे आहे. पण त्या मालकाने जुन्या पद्धतीतली फक्त कृती उचललेली असते. आत बसलेला जाणता माणूस, चाकांपुढचे ठोकळे, बांधलेले शेपूट आणि परत उच्चारलेला शब्द हे सारे मागे राहिलेले असते.

म्हणूनच प्रत्येक प्रोपेलर जिवंत आहे असे समजूनच त्याच्याजवळ जावे, हा नियम वैमानिकांच्या शाळेत आजही शिकवतात. स्टार्टरने हाताचे कष्ट वाचवले. मॅग्नेटोचा उलटा न्याय मात्र होता तिथेच आहे.